पाठीचं माप

निळ्या कापडाचा तागा सगळ्यात खालच्या फळीवर होता. मास्तर एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची घेत जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, म्हणून त्यांच्या बायकोने तो स्वतःच उचलला. रोजचंच काम ते. पण या वेळी तागा अर्ध्यावर आला आणि तिने तो तसाच सोडून दिला. कापायच्या टेबलाला दोन्ही हात टेकले आणि "थांबा जरा," एवढंच म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. गिऱ्हाईक थांबलं. मास्तरही थांबले, तोंडात टाचण्या तशाच धरून.

"काय झालं गं?" त्यांनी टाचण्या हातात घेत विचारलं.

"काही नाही. उसण भरली पाठीत."

"बसतेस का?"

"बसता आलं असतं तर बसले नसते का?"

म्हणजे दुखणं साधं नव्हतं. ती असं तिरकं बोलायला लागली की मास्तरांना पक्कं कळायचं, चाळीस वर्षांचा संसार काय उगाच केला होता? खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे सतरा पायऱ्या, आणि सगळं आयुष्य या सतरा पायऱ्यांवर खाली-वर करण्यात गेलेलं. कापणं आणि मशीन मास्तरांकडे. काज, बटणं, तुरपाई आणि इस्त्री तिच्याकडे. तिची तुरपाई अशी, की टाका कुठे घातलाय ते बाहेरून शोधून दाखवा म्हणून गिऱ्हाइकाशी पैज लावावी. सगळी गल्ली तिला काकू म्हणायची. ती नवऱ्याला "अहो" म्हणायची, आणि रागावली की गल्लीसारखंच "मास्तर" म्हणायची.

काकूंना साखरेचा आजार होऊन बावीस वर्षं झाली होती. साखर त्यांच्याकडे पाहुणी म्हणून आली आणि सासू होऊन राहिली, असं त्या स्वतःच सांगायच्या. पण त्यांनी तिला कधी डोक्यावर बसू दिलं नाही. रोज सकाळी बोटाला सुई टोचायची, आकडा लिहायचा, गोळ्या घ्यायच्या, मोजून खायचं. सुई टोचून घ्यायचं कौतुक त्यांना काय असणार? बोटांना आधीच घट्टे पडलेले. एकदा मात्र मास्तर हबकले होते. गेल्या थंडीत काकूंच्या टाचेत एक टाचणी दिवसभर रुतून होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मोज्यावर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा कळलं. तेव्हापासून मास्तर सकाळ-संध्याकाळ दुकानभर लोहचुंबक फिरवायचे. पायांची जाणीव गेली होती, डोळे अधूनमधून रुसत होते, कधी साखर एकदम खाली यायची आणि काकू टेबलाला धरून उभ्या राहायच्या.

पण हाडं! हाडांच्या बाबतीत काकूंचा तोरा काही विचारू नका. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्यांना हाडं मोजायच्या मशिनवर पाठवलं होतं. कागद आला तो असा, की त्यांच्या वयाच्या मानाने हाडं चांगलीच भरीव. काकूंनी तो कागद बटणांच्या डब्यात जपून ठेवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवला. "साखरेनं बाकी सगळं खाल्लं, हाडं तेवढी राहिली," असं म्हणायच्या आणि सात किलोची इस्त्री एका हाताने उचलून दाखवायच्या. समोरचा घड्याळवाला मास्तरांना म्हणायचा, "भांडताना जपून राहा हो, हाडं भरीव आहेत त्यांची." मास्तर हसायचे. हसता हसता मापाची वही फळीवर आणखी आत सरकवायचे, ते कुणाला दिसायचं नाही.

आता वही का सरकवायचे, ते सांगायला हवं.

दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी मास्तर बायकोला एक लांब कोट शिवायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हा नेम. मापाच्या वहीत तिचं एक पान होतं आणि त्या पानावर एकाखाली एक मापं. मानेच्या मणक्यापासून घोट्यापर्यंत बावन्न इंच. वर्षानुवर्षं बावन्न. कंबर बदलली, घेर बदलला, बावन्न काही हललं नाही. आणि तीन वर्षांपूर्वी एके दिवशी ते एक्कावन्न भरलं.

मास्तरांनी टेपला दोष दिला. कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते आणि माप कमी दाखवते, हे कुठल्याही शिंप्याला माहीत असतं. त्यांनी ती टेप फेकली, नवी आणली, मुद्दाम लोखंडी पट्टीशी ताडून पाहिली आणि "एक बाही राहिली गं" अशी थाप मारून बायकोला पुन्हा उभं केलं. एक्कावन्न. पुढच्या वर्षी सव्वापन्नास. त्याच्या पुढच्या वर्षी पन्नास, आणि या थंडीच्या तोंडावर साडेएकोणपन्नास. उंची जात होती आणि पाठ गोल होत होती. पुढची बाजू, खांद्यापासून कमरेपर्यंत, आखूड भरत होती. मागची लांब.

गोल पाठीचं काय करायचं हे मास्तरांना कुणी शिकवायला नको होतं. पुढचा भाग आखूड कापायचा, मागचा लांब ठेवायचा, खांद्यात एक चुणी द्यायची, कॉलरखाली जरा कडक कॅनव्हास घालायचं आणि खांद्याला पॅड. मग कोट अंगावर असा बसतो की वाकलेला माणूस ताठ दिसतो. शेकडो म्हाताऱ्यांना त्यांनी असे कोट शिवले होते आणि एकालाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या उस्तादांची ती पहिली शिकवण होती: गिऱ्हाइकाच्या अंगातली खोट तोंडाने बोलायची नाही, कापडाने झाकायची. माप मोठ्याने सांगायचं ते फक्त गळ्याचं आणि मनगटाचं. बाकीचं मनात ठेवायचं आणि वहीत उतरवायचं.

मास्तरांनी बायकोशीही गिऱ्हाइकासारखीच अदब पाळली. इथेच त्यांची चूक झाली.

आणि कोट काय सुरेख बसला होता! गेल्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काकू, या वयात इतकं ताठ कोणी चालत नाही." काकू खूश झाल्या. मास्तर त्यांच्याहून खूश झाले. घरी येईपर्यंत ते वाक्य त्यांनी मनात चारदा घोळवलं. आता ते आठवलं की त्यांना स्वतःचीच किळस यायची.

तागा हातातून सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. काकू कोट घालूनच गेल्या. मास्तरांच्या पिशवीत रुमालाखाली मापाची वही होती. डॉक्टरीणबाई भल्या बाई, पण बाहेर बाकावर पंधरा माणसं. त्यांनी साखर पाहिली, फाईल उलटली, हाडांच्या कागदापाशी थांबल्या.

"हाडं तर उत्तम आहेत तुमची," त्या म्हणाल्या. "स्नायू आखडलाय. या गोळ्या घ्या, पट्टा बांधा. अगदी झोपून राहू नका, हालचाल ठेवा."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. 'बघा, सांगितलं नव्हतं?' असं ते पाहणं. मास्तरांचा हात पिशवीत गेला, वहीला लागला आणि बाहेर आला. तीनदा असं झालं. बायकोच्या देखत ते पान काढायचं आणि म्हणायचं काय? की ही तीन वर्षं खचत चाललीय आणि मी नुसता कोट शिवत बसलो? पुढचं नाव पुकारलं गेलं, दोघं उठली.

तो आठवडा कसा गेला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. काकू सतरा पायऱ्यांत दोनदा थांबायच्या, चौथीला आणि अकरावीला. अकराव्या पायरीवर कठड्याला डोकं टेकून उभ्या राहायच्या. मास्तर मागे उभे, हात पुढे केलेले, पण धरावं तरी कुठे? पाठीला हात लावला की त्या कळवळायच्या. रात्री कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागायची. गोळ्यांनी दुखणं जरा बोथट व्हायचं, पण जायचं नाही. दोघंही मेटाकुटीला आली. एकमेकांना "आज बरं वाटतंय" आणि "हो, चेहरा जरा टवटवीत दिसतोय" असं सांगत राहिली. दोन्ही वाक्यं खोटी होती आणि दोघांनाही ते माहीत होतं.

सहाव्या दिवशी मास्तर मशीनवरून उठले तेव्हा काकूंचा हात इस्त्रीच्या मुठीवर होता.

"ठेव ती," मास्तर म्हणाले. आवाज इतका चढला की दारावरून जाणारा माणूस वळून बघायला लागला.

"अहो, डॉक्टर काय म्हणाल्या? हालचाल ठेवा म्हणाल्या. हाडं माझी चांगली आहेत."

"ठेव म्हटलं ना."

काकूंनी इस्त्री सोडली. मास्तरांनीच राहिलेल्या तीन पँटी इस्त्री केल्या, दोन जागी चुकीच्या घड्या पाडल्या, आणि दुपारी जेवणाच्या वेळी "दोरा संपलाय" असं सांगून वही घेऊन एकटेच दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई डबा उघडून बसल्या होत्या. मास्तरांनी टेबलावर वही उघडून ठेवली आणि पानावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"हिची मापं. हे मानेपासून घोट्यापर्यंतचं. हे पुढचं, हे मागचं." मास्तरांनी बोट खाली सरकवलं. "बावन्न होतं. अडीच इंच गेलंय. टेप बदलून पाहिली मी, टेपची चूक नाही."

डॉक्टरीणबाईंनी डब्याचं झाकण लावलं. पानावरून बोट खाली नेलं, वर आणलं, पुन्हा खाली नेलं. मग त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. तिथे उंची मोजायचा पट्टा चिकटवलेला होता. पट्ट्यावरच खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि खुंट्यांवर सकाळपासूनचे विसरलेले दोन कोट लटकत होते.

"मी त्यांची उंची कधी मोजलीच नाही," त्या म्हणाल्या. "दर वेळी साखर पाहिली, रक्तदाब पाहिला. पाठही कोटावरूनच पाहिली."

"पण तो कागद? हाडं चांगली म्हणून?"

"तिथेच माझी फसगत झाली, मास्तर. मला माहीत असायला हवं होतं. जुनी साखर असलेल्या माणसांची हाडं मशिनवर भरीव दिसू शकतात आणि तरीही चटकन मोडतात. हाड किती आहे ते मशीन सांगतं, कसं आहे ते सांगत नाही. साखर इतकी वर्षं राहिली की हाडाचा चिवटपणा जातो. त्यात पाय बधिर, मधेच साखर उतरून चक्कर येते, म्हणजे पडायची भीती आणखी. मणका तर न पडताही दबतो. नुसतं काही उचललं तरी."

"तागा," मास्तर म्हणाले.

"उद्या घेऊन या त्यांना. पाठीचा फोटो काढू."

फोटो काढायच्या खोलीत काकूंना दवाखान्याचा झगा दिला. पाठीमागे बंदांनी बांधायचा, सगळ्यांना एकाच मापाचा, पांढरा. फोटो काढणाऱ्या बाईंनी दार उघडलं तेव्हा मास्तर बाहेरच उभे होते आणि त्यांना समोर आपली बायको दिसली. झग्याची पुढची कड जमिनीवर लोळत होती आणि मागची पोटऱ्यांपर्यंत वर चढली होती. डोकं पुढे आलेलं, पाठीला कमान. ना कॅनव्हास, ना पॅड, ना चुणी. गेली तीन वर्षं आपण काय झाकत होतो ते असं उभं राहिलं समोर. घरात त्यांनी ही पाठ पाहिली नव्हती असं नाही, रोज पाहिली होती. पण घरात ती पाठ होती. इथे ते दुखणं होतं.

काकूंनीही त्यांच्याकडे पाहिलं आणि झग्याची पुढची कड हाताने थोडी उचलून धरली.

फोटोत तीन मणके दबलेले निघाले. एक ताजा, दोन जुने. डॉक्टरीणबाईंनी काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं: दबलेले मणके पुन्हा वर येत नाहीत. पुढचे वाचवायचे. त्यासाठी इंजेक्शनं आहेत, एक गोळी बदलायची, साखर फार खाली जाऊ द्यायची नाही, थोडा व्यायाम शिकायचा आणि वजन उचलणं बंद म्हणजे बंद.

"पहिल्या वेळी कळलं असतं तर?" काकूंनी विचारलं.

"तर कदाचित बाकीचे दोन वाचले असते. खात्रीने नाही सांगता येत. चूक माझीही आहे, काकू. आत्तासुद्धा मास्तरांनी वही आणली म्हणून कळलं."

"कुठली वही?" काकू म्हणाल्या.

घरी येताना दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागला. दुकानात आल्यावर त्या उंच स्टुलावर बसल्या आणि हात पुढे केला. मास्तरांनी वही दिली. काकूंनी चष्मा लावून ते पान वरून खालपर्यंत वाचलं, सगळी चाळीस वर्षं, आणि वही मिटली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "कपाटातले मागच्या तीन वर्षांचे कोट आणा."

मास्तरांनी आणले. आज्ञा मोडायची त्यांची हिंमत नव्हती. काकूंनी पहिला कोट टेबलावर आडवा पसरायला लावला, खांद्याला खांदा जुळवायला लावला. पुढचा भाग मागच्यापेक्षा बोटभर आखूड होता. दुसरा त्याहून जास्त. तिसरा त्याहून.

"यांची तुरपाई कोणी घातली?" काकूंनी विचारलं.

मास्तर कोटाची कड सरळ करत राहिले.

"मीच घातली ना? हा पहिला माझ्या हातात आला तेव्हा मला वाटलं, तुमची कात्री चुकली. म्हटलं, म्हातारा झाला बिचारा, आता हात चुकणारच, कशाला बोलून दाखवायचं. मी कड ओढूनताणून जुळवली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा वर जाऊन कोट काढून आरशात पाहिलं. मग कळलं, कात्री नाही चुकली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

उस्तादांची शिकवण होती, पण ती इथे काढायची त्यांना लाज वाटली.

"मला वाटलं, तुम्हाला बघवत नसेल मी अशी," काकू म्हणाल्या. आवाजात राग होता, पण राग धरायलाही अंगात बळ लागतं आणि ते त्यांच्याकडे उरलं नव्हतं. "इतका जीव ओतून लपवत होतात. म्हटलं, लपवू दे. त्यात तो हाडांचा कागद होता डब्यात. म्हटलं, हाडं धड आहेत ना, मग वयाने सगळेच वाकतात. मला तरी काय कळत होतं, आत काय चाललंय ते."

"मला बघवत नव्हतं असं नाही गं," मास्तर म्हणाले. "मला भीती वाटत होती. आकडा मोठ्याने म्हटला की खरा होईल, असं वाटायचं."

"खरा होताच तो."

"हो."

समोर घड्याळवाल्याने दुकान उघडलं, शटरचा आवाज आला. मास्तरांना रडू आलं नाही, फार दमल्यासारखं झालं. तीन वर्षं त्यांनी जगातली सगळ्यात सफाईदार शिलाई केली होती आणि तिच्याखाली दोन मणके गेले होते. बायकोने त्यांची चूक झाकली, त्यांनी बायकोची पाठ झाकली, आणि दोघांना वाटत राहिलं की आपण दुसऱ्याला जपतोय.

बऱ्याच वेळाने काकूंनी टेबलाला धरून स्वतःला उभं केलं. अंगातला कोट उतरवला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. आत साधा सुती ड्रेस होता.

"टेप घ्या," त्या म्हणाल्या. "आणि वही इकडे द्या. मी लिहिते."

"आत्ता? दमली आहेस तू."

"दमलेलीच असणार आहे आता. घ्या टेप."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. मानेच्या मणक्यावर टोक ठेवलं, अगदी हलक्या हाताने, आणि टेप पाठीच्या कमानीवरून खाली घोट्यापर्यंत सोडली. गुडघे टेकून आकडा पाहिला. त्यांनी तो मनातल्या मनात म्हटला आणि सवयीने तिथेच थांबले.

"मोठ्याने," काकू म्हणाल्या.

"एकोणपन्नास," मास्तर म्हणाले. "एकोणपन्नासला जेमतेम."

काकूंनी खडूच्या डबीतली पेन्सिल घेतली आणि साडेएकोणपन्नासच्या खाली एकोणपन्नास लिहिलं. शेजारी तारीख घातली. अक्षर त्यांच्या तुरपाईसारखंच बारीक आणि सरळ.

"दर महिन्याला घ्यायचं. हे पान दवाखान्यात न्यायचं. आणि पुढच्या वेळी कमी भरलं तर आधी मला सांगायचं. कापड मग कापायचं."

मास्तर अजून गुडघ्यांवरच होते. त्यांनी मान हलवली, पण ते तिच्या पाठीमागे असल्यामुळे तिला दिसलं नाही.

"ऐकलंत का?"

"ऐकलं," ते मोठ्याने म्हणाले.